काही वास नाही

“बघा, काही वास नाही,” तो म्हणाला आणि खत-प्रकल्पाच्या आवारात जमलेले सगळे हसले. ट्रकचा ड्रायव्हर कॉलर नाकावर ओढून हसला, प्रकल्पाच्या मुख्य बाई रुमालाआडून हसल्या. त्याच्याच ऑफिसातली टेस्टिंगवाली, जी साहेबलोकांच्या विनोदांना हसायचं नाही असं ठरवूनच नोकरीला लागली होती, तीही मागं सरकत सरकत हसली. चारचौघं हसत असताना आपणच तोंड पाडून उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून तोही हसला. मग हसू ओसरलं आणि त्याच्या लक्षात आलं, की ट्रकचा फाळका उघडल्यापासून फाळक्याजवळ आपण एकटेच आहोत. बाकीचे पार भिंतीपर्यंत मागं गेले होते. ड्रायव्हरच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते काही हसून आलेलं नव्हतं. टेस्टिंगवालीनं एका हातानं भिंत धरली, वाकली आणि ओकली. त्यानं नाकानं लांब श्वास घेतला. हवा गार होती, जराशी ओलसर. आणखी एक घेतला. गार, ओलसर. त्याला विनोद करायचा नव्हता. सबंध नोकरीत कामाच्या ठिकाणी त्यानं विनोद असा कधी केलाच नव्हता.

ट्रकमध्ये त्याच्या पेट्या होत्या. घराघरांतून, खानावळींतून ओल्या कचऱ्याचे डबे निघतात, ते प्रकल्पापर्यंत न सांडता, न लवंडता कसे न्यायचे, एवढाच प्रश्न होता आणि त्या एवढ्याशा प्रश्नानं त्याचं डोकं आणि केस दोन्ही खाल्ले होते. डबे ज्यात घट्ट उभे राहतील अशी पेटी, आणि अशा पेट्या एकीवर एक रचता यायला हव्यात. भरलेल्या असताना एकीवर एक बसायच्या. रिकाम्या झाल्या की अर्धी गिरकी देऊन एकीत एक शिरायच्या, म्हणजे परतीच्या ट्रकमध्ये हवा वाहून न्यायला नको. ते त्याला जमत होतं. आयुष्यभर त्यानं दुसरं केलं काय होतं? फळांच्या पेट्या, बाटल्यांच्या पेट्या, अंड्यांचे ट्रे. त्याच्या हाताखालून गेलेली प्रत्येक वस्तू दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर बसायला शिकून बाहेर पडली होती. ज्यांच्या हाताखाली तो शिकला ते म्हातारे ड्राफ्ट्समन म्हणायचे, आतला माल म्हणजे पाहुणा, भार घरच्यांनी उचलायचा, पाहुण्यावर टाकायचा नाही. म्हणजे वजन पेटीच्या चार खांबांतून खाली उतरलं पाहिजे, आत ठेवलेल्या वस्तूला त्याचा धक्कासुद्धा लागता कामा नये. हा नियम त्यानं जन्मभर पाळला आणि नेमका या पेटीत, उतारवयात हुशारी सुचावी तसा, मोडला. डब्यांच्या झाकणांना खिट्या लावायच्या, त्या खिट्या महिन्याभरात तुटणार, त्यापेक्षा वरच्या पेटीचा तळच खालच्या झाकणांवर दाबून बसू दे ना! वरच्याच्या वजनानं खालच्याचं तोंड बंद. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मालकांनी तर टेबलावर थाप मारली होती. आणि आता, ड्रायव्हर पट्टे सोडत असताना, त्याला सगळं लख्ख दिसलं. रस्त्यावर ट्रक उसळला की वरची पेटी केसभर उचलली जाणार, झाकण सुटणार, पेटी खाली आपटली की झाकण दाबलं जाणार आणि डब्यातली कोंडलेली हवा बाहेर. पुन्हा उसळी, पुन्हा तेच. सबंध वाटभर ते डबे धापा टाकत आले होते. खांब बोटभर उंच करायचे, झाकणांना त्यांच्या त्यांच्या खिट्या द्यायच्या, झालं. दुरुस्ती सोपी होती. “पहिल्या फेरीला होतंच असं,” मुख्य बाई रुमालातून म्हणाल्या, “सुधारून आणा परत. पण हसवलंत मात्र!” तो हो म्हणाला. पेटीचं त्याला काही वाटत नव्हतं. हे चाचणीत पास झालंच कसं, हा विचार मात्र त्याच्या पोटात हळूहळू उतरत होता.

चाचणी त्यानंच घेतली होती. हलत्या टेबलावर भरलेल्या पेट्या रचायच्या, टेबल तासन्‌तास हलवायचं आणि मग हातभर अंतरावर उभं राहून वास घ्यायचा. वास मोजायला यंत्र नव्हतं. नाक हेच यंत्र. तीन माणसांनी वेगवेगळा वास घेऊन मत द्यायचं असा त्यांच्याकडचा रिवाज. पण खरा सडका कचरा आणल्यावर एकजण आजारी पडला, दुसऱ्याला मीटिंग निघाली, टेस्टिंगवालीचा चेहरा पिवळा पडला. तेव्हा तो मोठेपणानं म्हणाला होता, जा तुम्ही, चहा घेऊन या, मी बघतो. आणि तिघांच्या वतीनं तो एकटाच त्या डगडगणाऱ्या मनोऱ्याशेजारी उभा राहिला, श्वास घेतला, आणि परत आलेल्या मंडळींना सांगितलं, काही नाही, एकदम स्वच्छ. ते किती कृतज्ञ दिसले होते! तिघांची चाचणी एकट्यानं करायची आणि तीही बिननाकाच्यानं, ही गंमत जगात फक्त त्यांच्याच खात्यात घडू शकत होती.

परतताना गाडी टेस्टिंगवाली चालवत होती. तिनं चूळ भरली होती, तोंड धुतलं होतं, खिडक्या उघड्या टाकल्या होत्या. मग समोर बघतच म्हणाली, “सर, एक विचारू? राग मानू नका.”

“विचार.”

“तुम्हाला खरंच येत नव्हता?”

“खरंच.”

“म्हणजे काहीच?”

“काहीच.”

तिनं गाडी कडेला घेतली, पर्समधून बामची डबी काढली, झाकण उघडून त्याच्या नाकाखाली धरली. त्यानं श्वास घेतला. नाकात आतपर्यंत गार शिरशिरी गेली.

“गार लागलं,” तो म्हणाला.

“वास, सर. वास कसला आला?”

“गार लागलं.”

तिनं डबी बंद केली. “आम्हाला वाटायचं तुम्ही मनावर घेत नाही,” ती म्हणाली. “खात्यात तुम्हाला लोखंडी नाक म्हणतात. म्हणजे चांगल्या अर्थानं हं. की बघा, कितीही घाण असू दे, सरांच्या कपाळाला आठी नाही.” मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं त्याच्या हातावर आपला हात क्षणभर ठेवला आणि काढून घेतला. “डॉक्टरला दाखवा, सर. आणि आज घरी जा सरळ. ऑफिसात मी सांगते.” घरी जा हे तिनं सहज म्हटलं होतं, पण आज त्याला घरीच जायचं नव्हतं, कारण संध्याकाळपर्यंत त्याला अप्पांबद्दल उत्तर द्यायचं होतं.

अप्पा म्हणजे त्याचे वडील. आई गेल्यावर ते याच्याकडे आले, तेव्हा चांगले चालतेबोलते होते. मग पाय गेले, मग पायांच्या मागोमाग बाकीचंही ताब्यातून सुटत गेलं. अंथरूण ओलं व्हायला लागलं. अप्पा जन्मभर शिंपी होते, लोकांना कपड्यात नीटनेटकं उभं करण्यात त्यांची हयात गेली होती, आणि आता त्यांच्या अंगावरचा लेंगा दिवसातून कितीदा बदलावा लागे ते फक्त त्याच्या बायकोला माहीत होतं. अंघोळ मात्र ते एकट्यानं करत. दार लावून, स्टुलावर बसून, हात पोचेल तिथपर्यंत. अंघोळ घालायला एक माणूस ठेवला होता, त्याला त्यांनी पहिल्याच दिवशी बाथरूमच्या बाहेर काढलं. सुनेचा प्रश्नच नव्हता. आणि याला म्हणाले, तू तर मुळीच नको. घरात वास मारतो, असं बायकोनं पहिल्यांदा म्हटलं तेव्हा हा पेपर वाचत होता. त्यानं पेपर खाली करून हुंगल्यासारखं केलं आणि म्हणाला, कुठं येतोय? दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हाही हेच. तिसऱ्यांदा ती अप्पांच्या गादीची खोळ हातात घेऊन त्याच्यासमोर आली होती. त्यानं नाक जवळ नेलं, मान हलवली आणि म्हणाला, “तुझं ना, नाकानं कांदे सोलायचं काम आहे.” ते म्हणताना आपण वडलांची बाजू घेतली असं त्याला वाटलं होतं, आणि बरं वाटलं होतं. त्यानंतर ती वासाबद्दल कधी बोलली नाही. बोलायचीच कमी झाली. खोळी धूत राहिली, फरशी पुसत राहिली, थंडीत खिडक्या सताड उघड्या टाकून बसत राहिली, आणि शेवटी एक दिवस शांतपणे म्हणाली, वृद्धाश्रमात नाव घातलंय, जागा झाली की कळवतील. जागा झाली होती. आज संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं, नाहीतर ती दुसऱ्याला जाणार. “तू सांग,” बायको सकाळी म्हणाली होती. “तुला कसलाच त्रास नाही, तर तूच सांग. पण अप्पा इथं राहिले तर मी इथं राहणार नाही. भांडायला म्हणून नाही सांगत. माझ्यानं होत नाही.” प्रकल्पावर जायचं आहे, एवढं म्हणून तो बाहेर पडला होता.

टेस्टिंगवालीनं त्याला घराच्या अलीकडच्या चौकात सोडलं आणि तो उरलेला रस्ता चालत निघाला, हळूहळू, ठेच लागू नये म्हणून चालणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. बेकरीवरून गेला. पाव भाजल्याचा वास आला. तो थांबला. खरंच आला का? त्यानं डोळे मिटले, श्वास घेतला: काही नाही, नुसती कोमट हवा. डोळे उघडले, काचेमागचे पाव पाहिले, आणि वास पुन्हा हजर. म्हणजे हे असं चाललं होतं तर. डोळे पाव दाखवत आणि आठवण मुकाट्यानं वास पुरवत, घरातल्या जुन्या नोकरानं मालकाला कळू न देता कोठीतलं संपत आलेलं वाढत राहावं, तशी. चहाचा कप समोर आला की चहाचा वास, साबण हातात घेतला की साबणाचा, मोल्डिंगच्या शेडमध्ये पाऊल टाकलं की तापलेल्या प्लॅस्टिकचा. सगळा शिळा माल. अप्पांच्या खोलीचा वास मात्र आठवणीच्या कोठीत नव्हताच, तो आणणार कुठून? आठवणीतले अप्पा कोरा कपडा, खडू आणि गरम इस्त्री यांच्या वासाचे होते, आणि खोलीत गेल्यावर, आता त्याला कळलं, तो तोच वास घेत होता. हे नक्की कधी झालं? मागं एकदा सर्दी महिनाभर रेंगाळली होती, तेव्हा? की आई गेली त्या सुमारास? तो शेवटचा खरा वास शोधत राहिला. ओल्या केसांचा, पेट्रोलचा, नव्या पुस्तकाचा. एकाही वासावर ‘हा इथपर्यंत होता’ असं बोट ठेवता येईना. दात पडला तर जिभेला कळतं. हे गेलं त्याची वर्दी द्यायलाही कुणी आलं नाही. आणि मग, मागून कुणी ढकलावं तसं, बाकीचं सगळं एकदम अंगावर आलं. बहीण यायची बंद झाली, आली तरी चहा गॅलरीत उभ्यानं घेऊन जायची. त्याला वाटलं होतं नणंद-भावजयीचं बिनसलंय. शेजारचे लिफ्टमध्ये पाठ करून उभे राहत. बायको जेवणाचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन बसे, आणि त्यानं एकदा विचारलं होतं, माझं तोंड बघवत नाही का? ती म्हणाली होती, तसं समज. सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं. ती रोज मरमर मरून जे धूत होती ते नाहीच असं तो तिला रोज तोंडावर सांगत होता. आपल्याला कुणी असं सांगत राहिलं असतं तर आपण वेडेच झालो असतो, असं त्याला वाटलं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि दमल्यासारखं झालं, इतकं की सोसायटीच्या पायरीवर बसावंसं वाटलं. पण पायरीवर बसलेला पाहून कुणीतरी विचारपूस करायला आलं असतं, म्हणून तो वर गेला.

बायको स्वयंपाकघरात दूध तापवत होती. सकाळी ती वाचनालयात कामाला जायची, दुपारी घरी असायची. “लवकर आलास,” ती म्हणाली, मागं न वळता. “ठरलं का?”

“मला वास येत नाही,” तो म्हणाला.

“माहितीय. दीड वर्ष ऐकतेय.”

“तसं नाही. म्हणजे मला कसलाच वास येत नाही. बेकरीचा नाही, बामचा नाही. आज प्रकल्पावर लोक ओकले आणि मी बोललो, बघा, काही वास नाही. मला आजच कळलं.”

ती वळली. त्याच्याकडे बघत राहिली, खोटं बोलणाऱ्या मुलाकडे बघावं तसं. मग तिनं फिनेलची बाटली उघडून त्याच्यासमोर धरली. डोळ्यांना जरा झोंबलं, बाकी काही नाही. लसूण ठेचून धरला. व्हिनेगर धरलं. एकेक वस्तू ती न बोलता पुढं करत होती आणि तो न बोलता मान हलवत होता, आणि त्यांच्या मागं दूध उतू जाऊन गॅसवर जळत होतं, आणि करपल्याचं तिला आधी कळलं, त्याला धूर दिसल्यावर. तिनं गॅस बंद केला. ओट्याला टेकून उभी राहिली आणि हसायला लागली. हसता हसता तिनं पदरासारखा टॉवेल तोंडावर धरला आणि मग ती रडत होती.

“मला वाटायचं तू मला खोटं पाडतोयस,” ती म्हणाली. “मुद्दाम. मला वाटायचं, हा इतका निर्दय कधीपासून झाला? रात्री मी माझे हात हुंगून बघायची, की बाई, वास खरंच येतोय का माझ्याच डोक्यात शिरलाय.”

“मला सांगायचं होतंस.”

“काय सांगायचं? सांगितलं की म्हणणार, कांदे सोलतेस.”

त्यानं फडकं घेतलं आणि ओट्यावरचं दूध पुसायला लागला. तिनं नाक पुसलं, एक मोठा सुस्कारा टाकला आणि तिच्या जुन्या, लग्नाच्या सुरुवातीच्या आवाजात म्हणाली, “कमाल आहे बाई. घरात नाक नसलेला माणूस एक, आणि खोळी धुवायचं काम माझ्याकडे.”

तो पुसता पुसता थांबला. पेट्यांचं दिसलं होतं तसंच हेही त्याला सरळ दिसलं, आणि इतकं सोपं दिसलं की त्याला स्वतःचाच राग आला. “मी घालतो त्यांना अंघोळ,” तो म्हणाला.

“ते घालून घेणार नाहीत. तुला तर नाहीच.”

“विचारतो. आश्रमाला काय सांगायचं ते नंतर.”

अप्पा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मांडीवर चादर, चादरीच्या काठाची उसवलेली शिवण बोटांनी चाचपत. सुई आता धरता येत नव्हती, पण उसवलेलं दिसलं की बोटं तिथं जातच. तो त्यांच्याजवळ पलंगावर बसला, नेहमी बसायचा तसा, गुडघ्याला गुडघा लागेल असा. “आश्रमाचं विचारायला आलास ना,” अप्पा म्हणाले. “मी जातो म्हणून सांग. सूनबाईचे हाल बघवत नाहीत. मला कळतं सगळं. पाय गेलेत, डोळे गेले नाहीत.” मग जरा थांबून म्हणाले, “तुला म्हणून सांगतो. माझ्या धंद्यात माणसाच्या अगदी काखेत शिरावं लागायचं. माप घ्यायचं म्हणजे काय, फीत फिरवायची ती अंगाला अंग लावूनच. कुणी घामट, कुणी दारू प्यालेला, कुणी आठवड्यात न्हायलेला नाही. श्वास धरायचा आणि धरलाय हे गिऱ्हाइकाला दिसू द्यायचं नाही. ते जमायला वर्षं जातात. इथं जो येतो त्याचं मला दिसतं. नाकपुडी आवळली की कळतं. डॉक्टर श्वास धरतो, तुझी बहीण धरते, सूनबाई बिचारी दारातच धरून आत येते. तू एकटा असा आहेस की येतोस, जवळ बसतोस, सावकाश श्वास घेतोस, बोलतोस. इतकं सफाईदार मलासुद्धा कधी जमलं नाही. मला वाटतं, माझा एवढा एक गुण तरी पोरानं उचलला.”

त्याच्या तोंडाशी आलेलं वाक्य तिथंच राहिलं. दारात बायको उभी होती. तिनं ऐकलं होतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तर तिनं डोळ्यांनी त्याला काही सुचवलं नाही, सांग असंही नाही आणि नको असंही नाही. गप्प बसावं, असं त्याला फार वाटलं. म्हाताऱ्याजवळ शिल्लक राहिलेली एवढीशी गोष्ट, तीही काढून घ्यायची? पण न सांगता त्यांना अंघोळीला कसं न्यायचं, आणि न सांगता ही बाई या घरात उद्या कशी राहायची, तेही त्याला कळेना. एकाचं सुख दुसरीच्या डोक्यावर रचून चाललं होतं इतके दिवस. त्याला ते सांगणं जड गेलं, फार जड गेलं.

“अप्पा, मी श्वास धरत नव्हतो,” तो म्हणाला. “मला वासच येत नाही. कसलाच. नाक मेलंय माझं. मला आजच कळलं.”

अप्पांची बोटं शिवणीवर थांबली. ते त्याच्या नाकाकडे बघू लागले, फाटलेल्या कपड्याकडे बघावं तसे, कुठून कुठपर्यंत गेलंय याचा अंदाज घेत. “कसलाच?” त्यांनी विचारलं.

“कसलाच.”

“मग ते... म्हणजे तू मुद्दाम...”

“नाही, अप्पा.”

त्यांचा चेहरा उतरला. लहान मुलाचा उतरतो तसा, लपवायचा विचारही न करता उतरला, आणि त्याला वाटलं आपण यांना उगीच सांगितलं, वाईट केलं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागं घेत होतं, तिचा टूं टूं आवाज आला आणि थांबला. अप्पांनी चादर नीट केली. मग ते एकदम खुदकन हसले. “म्हणजे खरोखरचाच येत नाही म्हण की,” ते म्हणाले. “हात तुझी! आणि मी इथं बसून तुझं कौतुक करतोय.” मग त्यांचा आवाज बारीक झाला. “अंघोळीला तू नको म्हणायचो ना, त्याचं कारण हेच रे. खोलीत तू निभावून नेशील. पण तिथं कपडे काढल्यावर एवढ्या जवळून तुला निभलं नसतं. एकदा जरी तुझी नाकपुडी आवळलेली दिसली असती तर...” त्यांनी दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले, उठवण्यासाठी. “आता काय हरकत आहे? चल. नाही तरी पाठीला माझा हात कित्येक महिने पोचलेला नाही.”

बाथरूम अरुंद होतं. त्यानं त्यांना स्टुलावर बसवलं, शर्टाची बटणं सोडली. बटणं सोडायला वाकताना त्याला जाणवलं की लहानपणी मापं घेताना हे असेच आपल्यासमोर वाकायचे, फक्त आपण उभे असायचो. आतलं शरीर त्यानं कधी पाहिलं नव्हतं. मांड्यांवर लाल चट्टे उठले होते, पाठीच्या घडीत कातडी पांढुरकी, मऊ पडली होती. पाणी कोमट करून त्यानं हातशॉवर खांद्यावरून सोडला, तसं अप्पांनी डोळे मिटून “अगं आई गं” म्हटलं, सुखानं. तो साबण लावत गेला, मानेपासून खाली, पेटी धुताना कोपरे धुवावेत तसा, कुठं काय अडकून राहतं त्याचा विचार करत. बाहेर फोन वाजला. बायकोनं घेतला. तिचा आवाज दारातून स्पष्ट ऐकू येत होता. “हो, बोलतेय... नाही, ते आता कामात आहेत... हो, झालं ठरवून. नको. जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या... नाही, पुढच्या महिन्याचं आत्ता काय सांगू?” अप्पांनी डोळे उघडले नाहीत, पण पाण्याखालचे त्यांचे खांदे खाली आले. त्यानं शॉवर बंद केला, टॉवेल उचलला, आणि टॉवेल हातात धरून तसाच उभा राहिला. अंघोळ झाली की नाही, हे त्याला कळायला काही मार्गच नव्हता. साबण लावला, पाणी घातलं, डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं. पण डोळ्यांना तर आजवर सगळं स्वच्छच दिसत आलं होतं.

“अगं, ऐकतेस का?” त्यानं हाक मारली. “जरा येतेस?”

ती आली. उंबऱ्यावर थांबली. अप्पांनी टॉवेल ओढून मांडीवर घेतला, पण जा म्हणाले नाहीत. “ये सूनबाई,” ते म्हणाले. “ह्याला काही समजत नाही. तूच सांग. आणि खरं सांग हं, माझी भीड धरू नकोस.”

तिनं नाकाला हात लावला नाही, टॉवेल लावला नाही. दाराची चौकट धरली, थोडी आत वाकली आणि छाती भरून श्वास घेतला. दोघं तिच्या तोंडाकडे बघत होते.

“अजून येतोय,” ती म्हणाली. “मानेमागं राहिलंय. आणि कानांच्या पाठी.”

“बघ,” अप्पा म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली.

त्यानं हाताला परत साबण लावला.